आरशाला स्मृती नसते : घरच्या संगणकातील ‘रेड’विषयी

१

निवृत्तीला आलेला मराठीचा प्राध्यापक पूर्वी आपली पुस्तके कोणाला द्यावीत या विवंचनेत असे. आता तो, आणि निवृत्तीला पुष्कळ अवकाश असलेला त्याचा विद्यार्थीही, वेगळाच प्रश्न विचारतो : घरच्या संगणकात ‘रेड’ बसवून घ्यावी का? संगणक जोडून देणारा दुकानदार तत्परतेने ‘होय’ म्हणतो. दोन हार्ड डिस्क, दोहोंवर तोच मजकूर. एक गेली तरी दुसरी आहेच. तेव्हा आता काळजी सोडा. या उत्तराने गिऱ्हाईक निर्धास्त होते आणि दुकानातून अभिमानाने बाहेर पडते.

प्रस्तुत लेखाचा हेतू या ‘होय’चा प्रतिवाद करणे हा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ज्याच्या संगणकात शोधप्रबंध, जुन्या नियतकालिकांची छायांकने किंवा बोलींची ध्वनिमुद्रणे आहेत, अशा अभ्यासकाने घरी रेड बसवू नये. तिच्यावर जाणारा पैसा चुकीच्या जागी जातो, आणि तिच्यापासून मिळणारे समाधान तर पैशाहून महाग पडते. शिवाय हा प्रश्न वाटतो तितका तांत्रिक नाही. एका संहितेच्या प्रती कोठे असाव्यात, किती असाव्यात, त्यांत भेद पडल्यास खरी कोणती मानावी, हे पाठचिकित्सेचे प्रश्न आहेत. ज्या शास्त्राचे आपण अध्यापन करतो त्या शास्त्राचा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर सोडवून घेण्याचे काहीच कारण नाही.

२

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘रेड’ म्हटले की आपल्याला धाड आठवते. पण येथे ती आद्याक्षरांची जुळणी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या संगणकांना जोडलेली एकच अवाढव्य आणि महागडी डिस्क वापरण्याऐवजी छोट्या, स्वस्त डिस्कांची रांग वापरावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. रांगेतील डिस्कांची संख्या वाढली की त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते; म्हणून काही मजकूर जादा ठेवावा, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी काम अडणार नाही. ‘रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ हे या रचनेचे मूळ नाव. म्हणजे जादा मजकूर वाहणारी स्वस्त डिस्कांची रांग.

पुढे बाजाराने या नावात एक पाठभेद केला. ‘इनएक्स्पेन्सिव्ह’च्या जागी ‘इंडिपेंडंट’ आले. स्वस्त डिस्का ‘स्वतंत्र’ झाल्या. आद्याक्षर तेच राहिल्याने हा बदल कोणाला खुपला नाही. पण वादाचे मूळ याच पाठभेदात आहे. घरच्या संगणकातील दोन डिस्का कोणत्या अर्थाने स्वतंत्र असतात? त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच कारखान्याच्या एकाच खेपेतून येतात. त्या एकाच पेटीत असतात, एकाच वीजपुरवठ्यावर चालतात, एकाच पंख्याची हवा खातात आणि एकाच माणसाच्या बोटांच्या आज्ञा पाळतात. पाठचिकित्सेत एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या दोन पोथ्यांना आपण दोन स्वतंत्र साक्षी मानत नाही. मग या जुळ्या डिस्कांनाच ही सवलत का द्यावी?

रेडचे जे प्रकार घरात येतात ते मोजके आहेत. शून्य क्रमांकाच्या प्रकारात मजकुराचे तुकडे करून ते दोन डिस्कांवर वाटले जातात. त्याने वेग वाढतो, पण जादा मजकूर शून्य असतो, आणि एक डिस्क गेली की सगळेच जाते. नावात रेड असल्यामुळे हा प्रकारही सुरक्षित समजणारे लोक आहेत. पहिला प्रकार आरशाचा : एकीवर लिहिले की त्याच क्षणी दुसरीवर. पाचव्या प्रकाराला किमान तीन डिस्क लागतात. त्याचे तत्त्व सोपे आहे : एकीवर ७ आणि दुसरीवर ५ लिहिले, तर तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहून ठेवायची, म्हणजे कोणतीही एक संख्या पुसली गेली तरी उरलेल्या दोहोंवरून ती काढता येते. प्रत्यक्षात गणित बेरजेचे नसते, पण युक्ती हीच. तिचे कौतुक करायला हरकत नाही. हरकत आहे ती तिला जतन म्हणण्याला.

३

रेड ज्या गरजेतून वाढली ती गरज अखंडतेची आहे. बँकेचे व्यवहार किंवा रेल्वेचे आरक्षण एक तास जरी बंद पडले तरी हजारोंचा खोळंबा होतो. तेथे एक डिस्क बिघडली असता यंत्र बंद न करता ती काढून दुसरी घालता येणे, याला मोल आहे. आणि अशा संस्था रेडवर विसंबून राहत नाहीत. त्या आपल्या मजकुराच्या वेगळ्या प्रती दूरच्या ठिकाणी ठेवतात. घरी आपण त्यांची रेड उचलतो आणि दूरची प्रत विसरतो.

आपल्या घराची गरज कोणती? ज्ञानेश्वरीतील उपमांवर प्रबंध लिहिणाऱ्याचा संगणक मंगळवारी बंद पडला आणि शुक्रवारी सुरू झाला, तर मराठी संशोधनाचे काय बिघडते? तीन दिवस वाचनाला मिळाले म्हणायचे. बिघडते ते प्रबंधच नाहीसा झाला तर. खोळंबा आणि नाश या दोन वेगळ्या आपत्ती आहेत. रेड पहिलीवरचा उपाय आहे आणि आपल्याला भय दुसरीचे आहे.

नाश येतो कसा, हे पनवेलकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात गाढी नदीचे पाणी पनवेलच्या सखल भागांत शिरले. तळमजल्यावरील घरात टेबलाखाली ठेवलेल्या संगणकात एक डिस्क होती की दोन, याची चौकशी पाणी करत नाही. कोकणात हे उदाहरण एकटे नाही. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४ मध्ये स्थापन झालेले. २००५ च्या आणि पुन्हा जुलै २०२१ च्या महापुरात त्याची हानी झाली. तेथील एखाद्या दुर्मीळ ग्रंथाची दुसरी प्रत शेजारच्याच फडताळात असती, तर तीही भिजलीच असती. ती पुण्यात किंवा धुळ्यात असती, तरच तिला दुसरी प्रत म्हणण्यात अर्थ होता.

पाणी नसेल तेव्हा वीज आहे. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमनाने तासन्तास अंधार असे. ते दिवस मागे पडले, तरी पावसाळ्यात वीज अचानक जाणे आणि अधिक दाबाने परत येणे आपल्याला परके नाही. दाबाचा एक झटका एकाच पुरवठ्यावरच्या दोन्ही डिस्का निकामी करू शकतो. पाचव्या प्रकारात तर आणखी एक खोच आहे. मजकूर लिहून झाला आणि त्याची ‘बेरीज’ लिहिण्यापूर्वीच वीज गेली, तर दोहोंचा मेळ तुटतो आणि तो तुटल्याचे कोणाला कळतही नाही. पुढे कधीतरी एखादी डिस्क बिघडते, त्या चुकीच्या बेरजेवरून तिच्यावरचा मजकूर पुन्हा ‘काढला’ जातो, आणि यंत्र पूर्ण आत्मविश्वासाने खोटा पाठ हाती देते.

४

सर्वांत मोठा दोष मात्र बाहेरून येत नाही; तो आरशाच्या स्वभावातच आहे. आरसा समोर असेल तेच दाखवतो. काल समोर काय होते ते त्याला ठाऊक नसते. आपण घाईत चुकीचा फोल्डर पुसला की तो दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसला जातो. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर चौथे प्रकरण जतन केले की दोन्हीकडे तिसरे प्रकरण संपते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने जगभरातील संगणकांतील मजकूर कुलूपबंद केला. अशी प्रणाली घरात शिरली तर आरशातल्या प्रतीलाही तेच कुलूप लागते. ज्या चुका माणूस करतो किंवा दुसरा माणूस मुद्दाम करवतो, त्या रेडच्या दृष्टीने चुका नसतातच. त्या आज्ञा असतात, आणि ती त्या दोनदा पाळते.

येथे आपल्या परंपरेतील एका तंत्राची आठवण योग्य ठरेल. काव्यशास्त्राने पुनरुक्तीला दोष मानले. पण जेथे एकही स्वर ढळता कामा नये, तेथे त्याच संस्कृतीने पुनरुक्तीचे शास्त्र उभारले. वेदपठणाच्या घनपाठात तीन पदे १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशा क्रमाने म्हटली जातात. पुढून मागे आणि मागून पुढे जाताना एखादे पद निसटले किंवा बदलले, तर संधी आणि स्वर जुळत नाहीत आणि चूक जागच्या जागी उघडी पडते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचा जो सिद्धान्त मांडला, त्यातही जादा मजकुराचे एक महत्त्वाचे काम हेच आहे : चूक ओळखता येणे. घरगुती आरशात नेमके तेच होत नाही. नेहमीच्या वाचनात यंत्र दोहोंपैकी एका डिस्कवरून मजकूर उचलते. दुसरीशी ताडून पाहत नाही. ताडून पाहिले आणि भेद आढळला, तरी खरा पाठ कोणता हे त्याला ठरवता येत नाही. दोनच साक्षीदार आणि दोघांच्या जबान्या वेगळ्या, अशी ती अवस्था असते.

पाठसंपादकाला ही अवस्था चांगली परिचित आहे. म्हणूनच तो तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या प्रतीच्या शोधात हिंडतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत प्रती विखुरलेल्या होत्या, म्हणूनच ते शक्य झाले. त्या सगळ्या एकाच राजाच्या एकाच ग्रंथागारात असत्या आणि एकीत केलेला बदल त्याच क्षणी सर्वांत उमटत असता, तर विष्णु सीताराम सुकठणकरांना संपादन करायला काही उरलेच नसते. प्रक्षेप आणि मूळ यांत भेद करण्याचा मार्गच बंद झाला असता.

५

प्रतिपक्षाचे दोन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा की, आधुनिक प्रणालींनी हे दोष दूर केले आहेत. हे अंशतः खरे आहे. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस यांसारख्या फाइल-प्रणाली प्रत्येक तुकड्यासोबत त्याची एक पडताळणी-संख्या ठेवतात. तिच्यामुळे दोन प्रतींत भेद पडल्यास खरी कोणती हे ठरवता येते, आणि मागच्या तारखेची अवस्थाही राखता येते. ज्याच्याकडे चित्रीकरणाचे टेराबाइटच्या टेराबाइट आहेत, ज्याला रोज त्यांवर काम करायचे आहे आणि यंत्राची निगा राखण्याची हौस आहे, त्याने अशी रचना अवश्य करावी. परंतु तिने पूर, आग, चोरी यांवर काहीच उपाय होत नाही, आणि दूरच्या प्रतीची गरज तसूभरही कमी होत नाही. मग जी प्रत अपरिहार्य आहे ती आधी का करू नये?

दुसरा आक्षेप असा की, आता सगळे ‘क्लाउड’वर असते, तेव्हा ही चर्चाच कालबाह्य आहे. दूरची प्रत म्हणून क्लाउडचा उपयोग आहे, हे मान्य. पण संगणकाशी सतत जुळवून घेणारी सेवा हाही एक आरसाच आहे, फक्त लांबचा. येथे पुसले की तेथेही पुसले जाते. काही दिवसांची मुदत मिळते इतकेच. शिवाय ती जागा भाड्याची. जिओसिटीज २००९ मध्ये अमेरिकेत बंद झाले, ऑर्कुट २०१४ मध्ये. त्यांच्यावर लोकांनी किती लिहिले होते आणि त्यातले किती उरले, हे त्या काळी लिहिणाऱ्यांनीच आठवून पाहावे. परक्याच्या घरी एक प्रत असू द्यावी. एकमेव प्रत असू नये.

६

आता जे खरोखर पणाला लागले आहे त्याकडे येतो. पनवेल परिसरातील आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण धवले गाऊन पार पाडते. हा शब्द मराठीच्या अभ्यासकाला थांबवतो, कारण आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण जिचा धडा शिकवतो त्या महदंबेच्या तेराव्या शतकातील रचनेचे नावही ‘धवळे’च, आणि तीही विवाहगीतेच आहेत. पुस्तकात सातशे वर्षांपूर्वीचा म्हणून शिकवला जाणारा प्रकार खाडीकाठच्या मांडवात गायला जातो, ही गोष्ट कोणत्याही विद्यापीठाने अंगणात जाऊन ऐकावी अशी आहे. पण अंगणेच उरत नाहीत. नवी मुंबई विमानतळासाठी चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावे आपल्या जागेवरून उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली. गाव गेला तो गेलाच.

समजा, कोणा विद्यार्थ्याने पंधरा वर्षांपूर्वी यांतल्या एखाद्या गावात वृद्ध धवलारणीचे गाणे मुद्रित केले आहे. आज ती बाई नाही, ते अंगण नाही, कदाचित त्या चालीवर म्हणणारे दुसरे कोणी नाही. छापील पुस्तक हरवले तर दुसऱ्या ग्रंथालयात शोधता येते. हे मुद्रण हरवले तर शोधायला जागाच नाही. ते कोठे आहे? बहुधा त्या विद्यार्थ्याच्या नवीन पनवेलमधल्या घरी, एका संगणकात. आणि तो विचारतो आहे, रेड बसवू का?

त्याला महदंबेच्याच पंथाचा इतिहास सांगावा. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा गावोगाव हिंडून, ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांना विचारून जमवल्या. खलजीच्या स्वारीनंतरच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. लीळाचरित्र तरीही आपल्या हाती आले, कारण ते अनेकांना पाठ होते आणि त्यांनी ते पुन्हा सांगितले. त्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ निर्माण झाले आणि संपादकांचा ताप वाढला. पण ताप व्हायला ग्रंथ आधी उरावा लागतो. एकाच पेटीतल्या दोन तंतोतंत सारख्या पोथ्यांपेक्षा दहा गावांतल्या दहा सदोष स्मृती अधिक टिकाऊ ठरल्या.

याच पंथाच्या इतिहासात दुसराही धडा आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या सुखरूप राहिल्या, पण विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची उकल करीपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला त्या असून नसल्यासारख्या होत्या. आपल्यापैकी अनेकांचे जुने लेख आणि प्रबंध युनिकोडपूर्व टंकांत बांधलेले आहेत. तो टंक संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा पसारा दिसतो. रेड तो पसाराही इमानाने जपेल. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे. मजकूर तिच्यात आणून ठेवणे हे जतनाचे काम आहे, आणि ते कोणतीही डिस्क आपल्यासाठी करणार नाही.

७

मग करावे काय? पीटर क्रोग या छायाचित्रकाराने प्रचारात आणलेला नियम आपल्याला पुरेसा आहे : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. रेडसाठी जी दुसरी डिस्क घेणार होता तीच घ्यावी, पण संगणकाच्या पेटीत घालू नये. आठवड्यातून एकदा जोडावी, त्या तारखेची वेगळी प्रत उतरवावी, मागची पुसू नये, आणि डिस्क काढून उंचावरच्या कपाटात ठेवावी. तिसरी घाटावर, नाशिकला किंवा कोल्हापूरला, भावाकडे किंवा मित्राकडे असावी. दिवाळीला आणि मे महिन्यात जाणे होतेच, तेव्हा ती बदलून आणावी. वर्षातून एकदा त्या प्रतीवरून एखादी फाइल उघडून, वाचून, ऐकून पाहावी. न उघडलेली प्रत ही केवळ समजूत असते.

याहून अवघड भाग पुढे आहे. प्रत दुसऱ्याच्या हाती द्यायची म्हटले की आपल्यातील पुष्कळांचा हात आखडतो. ‘माझा संग्रह’, ‘माझे अप्रकाशित साधन’, कोणी उचलले तर? ही भीती निराधार नाही. वाङ्मयचौर्य आपल्या विद्यापीठांत घडते. परंतु तिच्यावर उपाय आहेत : प्रतीला परवलीचा शब्द घालता येतो, संस्थेला देताना अटी लिहून घेता येतात. ग्रंथालयांसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘लॉक्स’ या उपक्रमाचे तत्त्वच असे आहे की, अनेक संस्थांनी आपापल्या प्रती ठेवाव्यात आणि त्या परस्परांशी ताडून दुरुस्त कराव्यात. आपल्या घरी रेडचे जे आकर्षण आहे, त्यामागे मला अनेकदा हा आखडता हातच दिसतो. तिच्यामुळे कोणालाही काही न देता आपण दोन प्रती केल्याचे समाधान मिळते. कपाटाला दोन कुलपे लावून आपण दान केल्याचा आव आणतो.

धवल्यांच्या मुद्रणाची पहिली प्रत तर त्या धवलारणीच्या नातवंडांना द्यावी. गाणे त्यांचे आहे. आपण ते फक्त यंत्रात भरले. त्यांच्या फोनमध्ये ते कोणत्याही क्रमाने, कोणत्याही नावाने, अर्धवट का असेना, राहील. एखाद्या लग्नात वाजेल, एखादी मुलगी ते उचलेल आणि कदाचित एक कडवे बदलेलही. दुसरी प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला, गायिकेचे नाव, गाव आणि तारीख यांच्या नोंदीसह द्यावी. तिसरी आपल्याकडे राहू द्यावी.

एवढे सगळे केल्यावरही कोणाला घरच्या संगणकात दोन डिस्क जोडून आरसा बसवायचा असेल, तर त्याने खुशाल बसवावा. काम खोळंबणार नाही, एवढी सोय तिच्यातून होईल. पण ज्याने यातले काहीही केलेले नाही, त्याने रेडचा विचार करण्याआधी एक कागद घ्यावा आणि आपल्या महत्त्वाच्या साधनांपुढे त्यांच्या प्रती कोणत्या गावी, कोणाच्या हाती आणि कोणत्या तारखेच्या आहेत, ते लिहावे. गाव एकच आणि हातही एकच निघाला, तर त्याच्याकडे प्रत एकच आहे, डिस्क कितीही असोत.